कॉलेज निवडताना पोरीचा मंगळवार बघा

बारावीचा निकाल लागला की आमच्या स्टाफरूमच्या दारात पालक उभे राहतात. प्रश्न ठरलेला, "मॅडम, पोरीला कुठं घालू?" पोरगी वडिलांच्या मागं, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मार्कलिस्ट. तिला विचारलं तर म्हणते, "मला काय कळंना झालंय, मॅडम."

गारगोटीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवते. या प्रश्नाला पूर्वी मी पटकन दोन-तीन कॉलेजांची नावं सांगून मोकळी व्हायचे. आता तसं करत नाही. एक कोरा कागद देते आणि सांगते, कॉलेज सुरू झाल्यावर ऑक्टोबर महिन्यातला एखादा मंगळवार लिहून काढ. किती वाजता उठशील, कोणती एसटी धरशील, पहिला तास कशाचा, प्रॅक्टिकल किती वेळ, डबा कुठं खाशील, घरी किंवा खोलीवर कधी पोचशील, अभ्यासाला कुठं बसशील आणि दिवसाला किती रुपये लागतील. मंगळवार एवढ्यासाठी की तो साधा दिवस असतो. सोमवारी निम्मी मुलं गावाहून परतलेली नसतात, शनिवार अर्धा जातो. मुलांचं शिक्षण गॅदरिंगच्या दिवशी होत नाही, अशाच मंगळवारांत होतं.

कागद बहुधा अर्धा कोरा राहतो. जे कोरं राहिलं, तेच तुम्हाला पुढच्या तीन आठवड्यांत शोधायचं आहे. बाकीचा लेख त्यासाठीच.

आधी मुलीकडं बघा, मग कॉलेजांच्या यादीकडं

"तुला कशाची आवड आहे?" असं थेट विचारून काही हाती लागत नाही. सतरा वर्षांचं पोर त्यावर "इंजिनिअरिंग" किंवा "मेडिकल" म्हणतं, कारण त्यानं तेवढेच शब्द ऐकलेले असतात. त्याऐवजी विचारा, मे महिन्यात काय केलंस? कोणत्या विषयाचं पुस्तक परीक्षा झाल्यावरही उघडलंस? कोणतं काम करताना जेवायला हाक मारली तरी उठत नाहीस?

एका मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच पाहिजे होतं, कारण वर्गातले सगळे तेच भरत होते. मे महिन्याचं विचारल्यावर कळलं की तो मामाच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसला होता. पाच एचपीच्या पाणबुडी मोटरचे वेढे त्यानं स्वतः मोजून वहीत लिहिले होते. वही मी बघितली. प्रत्येक पानावर तारेचा गेज, वेढ्यांची संख्या, जळण्याचं कारण. असल्या मुलाला इलेक्ट्रिकलचं नाव कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी त्यानं अर्जात इलेक्ट्रिकल वर घेतलं.

तसंच बायोलॉजीचं. बायोलॉजी आवडते म्हणजे डॉक्टरच व्हायचं, असं घरात ठरून जातं आणि नीटमध्ये कमी मार्क पडले की पोरगी हिरमुसते. तिला विचारा, बायोलॉजीतलं काय आवडतं? वनस्पती आवडत असतील तर कृषी पदवी आहे, बीएस्सी बॉटनी आहे, फूड टेक्नॉलॉजी आहे. माणसांची सेवा आवडत असेल तर बीएस्सी नर्सिंग आहे, फिजिओथेरपी आहे. औषधं कशी बनतात याचं कुतूहल असेल तर बीफार्म.

दहावी झालेल्यांसाठी एक सूचना इथंच देते. अकरावीला गणित सोडताना दहा वेळा विचार करा. गणित सोडलं की इंजिनिअरिंगचं दार बंद होतं. बायोलॉजी सोडली की मेडिकलचं. बीफार्मला मात्र गणित किंवा बायोलॉजी, दोन्हीपैकी एक चालतं. हातानं काम करायची ओढ असेल तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा हा फार चांगला रस्ता आहे. विद्यानगरचं शासकीय तंत्रनिकेतन आणि कळंब्याची आयटीआय या आपल्या दारातल्या संस्था. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. "आयटीआयला काय घालायचं" असं म्हणणाऱ्यांनी उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखान्यांत चांगल्या टर्नरला किंवा सीएनसी ऑपरेटरला किती मागणी आहे, ते एकदा जाऊन विचारावं.

गरजा प्रामाणिकपणे लिहा

आवडीवर सगळे बोलतात, गरजा मात्र लाजेपोटी झाकल्या जातात. माझ्या मते निवड इथंच चुकते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी बसून चार गोष्टी लिहा: पैसे, अंतर, भाषा, तब्येत.

पैशाचं पुढं सविस्तर येईलच. अंतराचा हिशोब किलोमीटरमध्ये न करता तासांत करा. गारगोटी ते कोल्हापूर सुमारे 50 किलोमीटर. स्टँडवर थांबणं, एसटी, मग सीबीएसवरून, म्हणजे मुख्य बसस्थानकावरून, केएमटीची शहर बस किंवा वडापची गाडी, असं धरलं तर एका बाजूला दोन तास सहज जातात. रोज चार तास रस्त्यात घालवून इंजिनिअरिंगची सबमिशनं लिहायची हे कष्टाळू मुलालाही जमत नाही. बीएला किंवा बीकॉमला जमू शकतं. चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांतल्या मुलांनी तर एक तर खोलीचा विचार करावा, नाही तर जवळ पडेल त्याप्रमाणं गडहिंग्लज, गारगोटी, वारणानगर इथल्या कॉलेजांकडं मनापासून बघावं. शहरातलं म्हणजे चांगलंच आणि तालुक्यातलं म्हणजे कमीच, असं नसतं.

भाषेचं दुखणं आमच्या मुलांना पहिल्या सहामाहीत फार जाणवतं. बारावीला विज्ञान इंग्रजीतून झालेलं असलं तरी वर्गात समजावून मराठीतूनच सांगितलेलं असतं. पुढं सगळं धाडधाड इंग्रजीतून सुरू झालं की हुशार मुलंही गप्प बसायला लागतात. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारा, अडलं तर सर मराठीतून सांगतात का? विचारायला लाजू नका.

तब्येतीचंही लिहा. दमा, फिट्स, डायबेटिस, मनावरचा ताण, काहीही असो. डॉक्टर आणि घर किती लांब पडणार, यावर निवड बदलू शकते.

आपल्याकडं काय काय आहे

कोल्हापूर हे शिकणाऱ्यांचं गाव आहे. राजाराम कॉलेजची स्थापना 1880 ची. गोपाळ कृष्ण गोखले काही काळ तिथं शिकले. 1962 साली शिवाजी विद्यापीठ झालं आणि आज कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली आहेत.

कला, वाणिज्य, विज्ञान यांसाठी राजाराम, ताराबाई पार्कातलं विवेकानंद, न्यू कॉलेज, गोखले कॉलेज, महावीर महाविद्यालय, मुलींसाठी राजारामपुरीतलं कमला कॉलेज. फक्त कॉमर्सवर भर हवा असेल तर देशभक्त रत्नाप्पा कुंभार कॉलेज ऑफ कॉमर्स. इंजिनिअरिंगला गोकुळ शिरगावचं केआयटी, कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील, वारणानगरचं तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीचं डीकेटीई. त्यातलं डीकेटीई टेक्सटाइलसाठी आवर्जून बघावं, कारण इचलकरंजीत वर्गाबाहेर पडलं की मागांचा आवाज सुरू होतो. सांगलीचं वालचंद आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी हेही आपल्या टप्प्यातलेच आहेत, मार्क असतील तर ते यादीत वर घ्या. वकिलीला 1933 पासूनचं शहाजी लॉ कॉलेज. मॅनेजमेंट आणि समाजकार्याकडं कल असेल तर सायबर (SIBER) ही संस्था. शेतीसाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं इथलं कृषी महाविद्यालय. चित्रकलेला कलानिकेतन आणि दळवीज आर्ट. चित्रकार आणि सिनेमा दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या गावात चित्रकलेला "त्यात काय पोट भरतंय" म्हणून वाटेला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

ही यादी पुरी नाही. तुमच्या विषयापुरती तुम्ही वाढवा आणि मग पाच-सहा नावांवर आणा.

कागद तपासा

यातलं बरंचसं मोबाइलवर एका संध्याकाळी होतं. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला संलग्न आहे आणि *तो अभ्यासक्रम* मंजूर आहे का, हे पहिलं. कॉलेज जुनं असतं, पण एखादा कोर्स कालपरवाच सुरू झालेला असतो. इंजिनिअरिंगला एआयसीटीई, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, वकिलीला बार कौन्सिल, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल, मेडिकलला एनएमसी यांची मान्यता लागते. ती त्या-त्या संस्थेच्या वेबसाइटवर बघा, कॉलेजच्या पत्रकावर विसंबू नका.

नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था, त्यांत लोक गल्लत करतात. नॅकची श्रेणी पूर्ण कॉलेजला मिळते, एनबीएची मान्यता एकेका शाखेला. मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणजे त्याच कॉलेजच्या नव्या शाखेला आहेच असं नाही. दोन्हींची मुदत संपते, म्हणून कमानीवरच्या फलकावर श्रेणी दिसली तर ती कोणत्या सालापर्यंत आहे ते बघा.

"ऑटोनॉमस" या शब्दाला पालक भुलतात किंवा घाबरतात. विवेकानंद, केआयटी, डीकेटीई, सायबर यांना स्वायत्तता आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं. पदवी शिवाजी विद्यापीठाचीच मिळते. यात फायदा असा की विषय लवकर सुधारता येतात. मात्र त्याचा खरोखर उपयोग होतोय का, हे कोर्सचा आत्ताचा अभ्यासक्रम आणि तीन वर्षांपूर्वीचा समोरासमोर ठेवला की कळतं.

मंगळवारी जाऊन बघा

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या स्वतःच्या घरात ही पायरी चुकली होती.

मुलासाठी आम्ही जिल्ह्याबाहेरचं एक खासगी कॉलेज बघायला गेलो ते रविवारी. सुट्टी काढायला नको म्हणून. छान सभागृह दाखवलं, चहा दिला, लॅब काचेतून दाखवली. आम्ही फी भरून आलो. दुसऱ्या वर्षी त्याच्या मुख्य विषयाला दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हते. मुलांना पीडीएफ पाठवून अभ्यास करायला सांगत होते. त्यानं आम्हाला हे उन्हाळ्यात सांगितलं. एवढे पैसे भरलेत, आता तक्रार कशी करू, असं त्याला वाटत राहिलं होतं. आम्ही वर्किंग डेला गेलो असतो आणि दोन मुलांशी बोललो असतो, तर हे अर्ध्या तासात कळलं असतं. ही खंत मला अजून आहे.

म्हणून सुट्टी टाका, मुलीला बरोबर घ्या आणि साध्या दिवशी साडेदहाच्या सुमारास पोचा. एसटीनंच जा, म्हणजे प्रवासही कळतो. आधी ऑफिसात न जाता डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डासमोर उभे राहा. टाइमटेबल लावलेलं असतं. त्या तासाला कोणता वर्ग कुठं आहे ते बघा आणि त्या खोलीवरून जा. तास चालू आहे का? किती मुलं आहेत? टाइमटेबलवर शिक्षकांच्या नावांची आद्याक्षरं असतात. एकच आद्याक्षर पाच विषयांपुढं दिसलं, तर माणसं कमी आहेत असं समजा. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती जण आहेत हेही विचारा. सीएचबीवाले जीव तोडून शिकवतात, हे मी जवळून बघते. पण वर्षाच्या मध्यात ते बदलले की हाल मुलांचे होतात.

मग लॅब. मी रसायनशास्त्राची, त्यामुळं माझी नजर बाकावर जाते. चालती लॅब थोडी डागाळलेली असते. बाकावर सिल्व्हर नायट्रेटचे तपकिरी-काळे ठिपके, बेसिनजवळ ओल, ब्युरेटच्या तोट्या वापरून सैल झालेल्या. ज्या लॅबमध्ये बाकं कोरी करकरीत आणि ब्युरेटवर धूळ, तिथं प्रॅक्टिकल बहुधा जर्नलमध्येच होतं. एखाद्या मुलाचं जर्नल मागून बघा. सगळ्यांची रीडिंगं दशांशापर्यंत सारखी असतील तर समजून जा. इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये लेथखाली बुरा पडलेला दिसला पाहिजे. कॉम्प्युटर लॅबमध्ये किती मशिन चालू आहेत ते मोजा.

लायब्ररीत पुस्तकं किती यापेक्षा मुलं किती बसलीत आणि रीडिंग रूम किती वाजेपर्यंत उघडी असते, हे विचारा. जिच्या खोलीवर चौघी राहणार आहेत, तिचा अभ्यास या उत्तरावर अवलंबून आहे. शिवाय मुलींच्या स्वच्छतागृहात आईनं स्वतः जाऊन यावं. पाणी आहे का, कडी लागते का, सॅनिटरी पॅड टाकायची सोय आहे का. दिवसभर पाणी न पिता राहणाऱ्या मुली मी वर्गात बघितल्यात.

शेवटी कँटीनमध्ये चहा घ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. "कॉलेज चांगलं आहे का?" असं विचारलं तर "हो, चांगलं आहे की" एवढंच ऐकायला मिळेल. "काल किती तास झाले?" विचारा. "गेल्या सहामाहीत कोणता विषय कुणी शिकवला?" विचारा. "तुझ्या धाकट्या बहिणीला इथंच घालशील का?" विचारा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा.

प्लेसमेंटचं विचाराल तर सगळ्यात मोठा पगार विचारू नका, तो एकाचाच असतो. गेल्या वर्षी तुमच्या शाखेतून किती मुलं पास झाली, त्यांतल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगार चढत्या क्रमानं लावले तर मधल्या मुलाला काय मिळालं, ते विचारा. बीए, बीएस्सीला हा प्रश्न वेगळा करा: इथून पुढं एमएस्सी, बीएड, स्पर्धा परीक्षा यांत किती जण गेले?

पैशाचा कागद

पूर्ण कोर्सचा खर्च काढा, पहिल्या वर्षाचा नव्हे. फी, परीक्षा फी, खोली, मेस, प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर दिसते. कॉलेजनं सांगितलेली आणि तिथली रक्कम जुळते का बघा. अनुदानित कॉलेजातही एखादा कोर्स विनाअनुदानित असू शकतो, त्याची फी वेगळी असते. हे ऑफिसात स्पष्ट विचारा.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा. व्यावसायिक अभ्यासक्रमांत तिच्यातून निम्मी ट्यूशन फी मिळते आणि 2024-25 पासून पात्र मुलींना पूर्ण. पण एक अट नीट ऐका: प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ही सवलत जाते. दरवर्षी कुणीतरी घाईत इथं फसतं. शिवाय डेव्हलपमेंट फी भरावीच लागते, तीही हिशोबात धरा. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. बहुतेक अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर होतात आणि बँक खातं आधारला जोडलेलं लागतं.

राहण्याचं म्हणाल तर कोल्हापूरसारखं गाव विरळा. शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातलं पोर राहायला जागा नाही म्हणून शिक्षणाला मुकू नये, एवढाच त्यामागचा विचार. त्यांतली काही अजून चालू आहेत, तिथं आधी चौकशी करा. समाजकल्याणची सरकारी वसतिगृहं आहेत, त्यांचे अर्ज वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. विद्यापीठात डॉ. आप्पासाहेब पवार विद्यार्थी भवन आहे, तिथं मुलं काम करून शिकतात. गरीब घरातल्या मुलानं "कमवा आणि शिका" चं नाव काढायला अजिबात संकोचू नये.

दाखल्यांना निकालाची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर हे मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा. जात पडताळणीला सर्वांत वेळ लागतो, तो अर्ज बारावीत असतानाच द्या. जूनमध्ये सर्व्हर बंद पडल्यावर महा ई-सेवा केंद्राच्या बाकावर रडकुंडीला आलेल्या आया मी बघितल्यात.

पसंतीक्रम भरताना

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, नर्सिंग, वकिली यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत, म्हणजे प्रवेश परीक्षा घेणाऱ्या कक्षामार्फत, होतात. 2024 पासून बीबीए, बीसीएलाही सीईटी आली, हे अजून अनेकांना माहीत नसतं. मेडिकलला नीट. अभिमत विद्यापीठाच्या मेडिकल जागांची केंद्रीय प्रक्रिया वेगळी आणि फी फार वेगळी.

पसंतीक्रम मनात असलेल्या क्रमानंच भरा. "हे मिळणार नाही" म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलू नका. वरच्या पसंतीला मार्क कमी पडले तर यंत्रणा खालचं बघते, वर लिहिल्यानं नुकसान होत नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. तेव्हा पहिल्या क्रमांकावर तेच लिहा, जिथला मंगळवार तुम्ही बघून आलाय. गेल्या वर्षीचे कट-ऑफ फेरीनिहाय आणि प्रवर्गनिहाय बघा आणि शेवटी दोन-तीन नक्की मिळतील अशी नावं ठेवा. पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल घरातच राहू द्या. "आम्ही भरून देतो" म्हणणाऱ्या एजंटच्या हाती लॉगिन देऊ नका.

कॉलेज आणि शाखा यांत ओढाताण झाली तर काय, हे हमखास विचारतात. माझा कौल शाखेला. नावाजलेल्या कॉलेजात नको असलेली शाखा घेऊन चार वर्षं काढणं फार जड जातं. अपवाद एकच: शाखा आवडीची आहे, पण तिथं शिकवायला माणसंच नाहीत.

प्रवेश झाल्यावर

मूळ कागदपत्रं पडताळणीला द्या, पण कॉलेजात अडकवून ठेवू नका. ती ठेवून घ्यायला यूजीसीची मनाई आहे. जाण्याआधी सगळ्यांच्या चार-चार झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्कॅन असू द्या. प्रवेश रद्द करायची वेळ आली तर फी परतीच्या तारखा असतात, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले की मुलीला पुन्हा एक मंगळवार लिहायला सांगा, या वेळी खरा घडलेला. दोन कागद शेजारी ठेवा. गेल्या वर्षी राधानगरीकडच्या एका मुलीनं असे दोन कागद मला आणून दाखवले. पहिल्यावर लिहिलं होतं, "रात्री 9 ते 10:30 अभ्यास." दुसऱ्यावर त्या वेळेपुढं होतं, "मेसची रांग, भांडी, मग झोप." तिनं जेवणाची वेळ बदलून घेतली आणि रीडिंग रूममध्ये जागा धरली, तेवढ्यावर भागलं. फरक याहून मोठा असेल, विषयच झेपत नसेल किंवा मन लागत नसेल, तर त्याच आठवड्यात क्लास टीचरला भेटा. विषय बदलायची मुदत सुरुवातीचीच असते. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण करून प्रमाणपत्र, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी असे टप्पे आहेत आणि मिळवलेले क्रेडिट खात्यावर जमा राहतात. त्यामुळं वाट बदलली तरी केलेला अभ्यास वाया जात नाही, हे मुलीला तोंडानं सांगा. बऱ्याच मुली केवळ "घरचे काय म्हणतील" म्हणून वर्षभर गप्प राहतात.